गाण्यातली घरघर

कॉलेजात आम्हाला वेड लावणारा तो ब्रिटिश रॉक बँड आता थांबतोय, ही बातमी आज खराडीच्या ऑफिसात वाचली. फोटोत गायकाचे केस पार पांढरे झालेले. आणि मला, काही कारण नसताना, स्पिरिटचा वास आला.

खडकीच्या क्वार्टरमधली रविवारची दुपार होती. मी त्यांची पहिलीच कॅसेट लावली आणि गिटार फाटल्यासारखी घरघरली. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला असलेले बाबा पेपर टाकून उठले. "बंद कर. हेड घाण झालंय." कापसाला स्पिरिट लावून त्यांनी टेपरेकॉर्डरचं हेड हळुवार पुसलं, फुंकर मारली आणि कॅसेट पुन्हा लावली. घरघर तीच.

"बाबा, ते गाणंच तसं आहे."

"अस्सं. म्हणजे बिघाड विकत आणलास."

मी चिडले. यांना संगीतातलं काय कळतंय, असं वाटलं. पण बाबा टेपरेकॉर्डरपासून हलले नाहीत. ओला कापूस बोटांत धरून त्यांनी कॅसेटची अख्खी बाजू ऐकली. तेव्हा मला वाटलं, ते दोष शोधतायत.

आज घरी आल्यावर तेच गाणं माझ्या फोनवर लावून त्यांना ऐकवलं. रेकॉर्ड कंपनीने ते आता स्वच्छ करून नव्याने काढलंय. बाबांनी फोन कानाशी धरला, मान तिरकी केली.

"हे बिघडलंय," ते म्हणाले. "घरघर कुठे गेली?"