गाईडवरचं स्वस्तिक

काय सांगू बाबांनो, आता सांगायचाही कंटाळा आलाय. पण दुसऱ्या कुणाकडून ऐकाल त्यापेक्षा मीच सांगतो, म्हणजे थापा तरी नीट मारल्या जातील!

बोईसरच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. सालवडच्या घरापुढे अंगणात मी एक जुनं करवतीचं टेबल आणून बसवलं होतं. मधून गोल पातं वर आलेलं, बाजूला लोखंडी गाईड. गाईडला फळी टेकवायची, पुढे सरकवायची, की काप सरळसोट! हौस म्हणून आणलं आणि माझे रविवार संपले हो. कुणाचा पाट, कुणाचा देव्हारा, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं!

तशात दसरा आला. सासूबाई सातपाटीहून आलेल्या. खंडेनवमीला त्यांनी मशीनची पूजा केली आणि हे एवढं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अर्धं गाईडवर, अर्धं टेबलावर!

"जावई, दिवाळीपर्यंत हे मोडायचं नाय हां!"

म्हणजे गाईड हलवायची नाही! आता गाईड हलवल्याशिवाय माप कसं बदलणार? पण हे सासूबाईंना सांगणार कोण? मी? एवढी छाती असती तर लग्नाच्या वेळीच नसतो का बोललो?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणा हरी हजर. काखेत सागाची रुंद फळी. बोटीतल्या बर्फाच्या खणाचं झाकण फुटलेलं.

"भावजी, पहाटेच्या भरतीला निघायचं हाय. झाकण नाय तर बर्फाचं पाणी होईल, म्हावरं कुजेल, सगली फेरी फुकट. आनि फली ही एकच हाय."

"अरे, मशीन असताना चिंता कसली?"

गाईड पात्यापासून हवी त्यापेक्षा लांब होती. मग मी डोकं लढवलं. गाईड आणि फळीच्या मधे एक लाकडी पट्टी सरकवली. माप बरोबर, स्वस्तिक शाबूत, सासूबाई खूश!

हरी म्हणाला, "भावजी, ती पट्टी सुटीच हाय. सरकली तर?"

"तू बोट चालव रे! मशीन माझ्यावर सोड."

वर त्याला व्याख्यान दिलं. पातं फळीच्या वर दातांपुरतंच ठेवायचं. बाह्या दुमडायच्या. पात्याजवळ हात न्यायचा नाही, काठीने ढकलायचं. फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. हरी बिचारा जांभया देत मान हलवत होता.

बटण दाबलं. निम्मी फळी कापून झाली आणि पट्टी सरकली. फळी तिरकी झाली, पात्यात आवळली, मागच्या दातांनी तिला उचललं आणि... अहो, तारापूरच्या लोकांना वाटलं, सरकारने रॉकेट सोडलं!

मी बाजूला उभा होतो म्हणून आज तुमच्यासमोर चहा पितोय. पण मागे आमच्या घराचं दार होतं. भुसा आत येतो म्हणून बायकोने लावून घेतलेलं. धाडकन! दाराची एक झडप बिजागरीतून निखळली आणि फळीचे उभे दोन तुकडे.

सासूबाई धावत बाहेर. माझ्याकडे बघितलंच नाही. थेट मशीनपाशी!

"मोडलं नाय ना?"

"नाही, स्वस्तिक आहे."

"मंग ठीक हाय."

हरी मात्र पांढराफटक. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग निखळलेल्या झडपेकडे बघत राहिला.

"भावजी, दार सागाचं हाय ना?"

"हो. का रे?"

"हातकरवत हाय?"

"अरे, मशीन आहे ना!"

"भावजी. हातकरवत हाय काय?"

दिली. काय करणार? त्याने झडपेचा वरचा भाग मापाने कापला, खांद्यावर टाकला आणि गेला. बायकोने दाराला गोणपाट लावलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

पहाटे बोट निघाली. बर्फ टिकला, म्हावरं भरभरून आलं, सगळं उत्तम झालं. फक्त त्या झडपेवर माझ्या नावाची पाटी होती. घाईत हरीने ती काढलीच नाही.

तेव्हापासून त्याच्या बोटीवरची पोरं बर्फाचा खण उघडण्याआधी झाकणावर टकटक करतात आणि विचारतात, "भावजी, हाय काय घरात?"