हलायचं न्हाय!

जळकोटच्या दैवशालाबाई लिहिलेली गोष्ट आधी पोरांना वाचून दाखवायच्या. पोरं उठून पळाली, की ते पान फाडायच्या. वीस वर्षं पोरांचे पायच त्यांचे परीक्षक. मग बालसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला आणि घात झाला! "पुरस्कारवाल्या बाई आल्यात, हलायचं न्हाय," असं गुरुजी दटावायचे आणि पोरं दगडासारखी बसायची. नवं पुस्तक छापायला द्यायचं, पण ते जमलंय का फसलंय, कळेना. बाईंना घास गोड लागेना.

शेवटी त्या तडक माकणीला गेल्या. तिथं त्यांना कोण ओळखतंय? धरणाकाठी शेळ्या राखणाऱ्या पोरींपुढं त्यांनी वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानाला एक पोरगी उठली.

"ओ मावशी, तुमच्या गोष्टीतली शेळी नुसतं शहाणपण शिकवती. आमची तर भाकरी पळवती!"

बाईंनी झटकन पेन काढलं. "कुणाची पळवली गं? बैस, सगळं सांग."