लॉबीतले फ्लेमिंगो, माळावरची टिटवी

पशुपक्ष्यांची चित्रं काढणारा माणूस भलाच असणार, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, त्याची चित्रं विकत कोण घेतं?

वर्तकनगरच्या कॉलनीत राहणारे हे चित्रकार काका आमच्या पर्यावरण गटाला पत्रकांसाठी टिटवीचं चित्र फुकट देत. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. पण आम्हाला त्यांची गरज होती. खडवलीच्या माळावर बंगल्यांची स्कीम येत होती. बिल्डरचा अहवाल म्हणे, माळ ओसाड आहे, पक्षी नाहीत. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावर खड्यांत अंडी घालते. आमच्या मोबाइलच्या फोटोंत नुसते दगड दिसत. काका मात्र कित्येक वर्षं तिथे स्टूल टाकून, समोर बघून रंगवत आलेले. जनसुनावणीत ते बोलले, तरच माळ वाचण्याची काही आशा होती.

सुनावणीआधी मी त्यांच्या घरी गेलेले. भिंतीला टेकवून भलामोठा कॅनव्हास. फ्लेमिंगो, हिरवळ, कारंजं, मागे बंगले.

"हे कुणासाठी?"

"त्यांच्या ऑफिसच्या लॉबीसाठी."

"कुणाच्या, काका?"

"तुला कळलंय कुणाच्या."

"लाज नाही वाटत?"

"वाटते की. चहा घेतेस?"

चहा घेतला नाही. सुनावणीला याल ना, विचारलं, तर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, एवढं आंदोलनात पहिल्याच महिन्यात कळतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. काका आले, ते थेट बिल्डरच्या माणसांच्या रांगेत जाऊन बसले. मी शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, "गेला आपला साक्षीदार." पण नाव पुकारल्यावर ते उठले आणि माळावरची चित्रं टेबलावर मांडली. खड्यांतली अंडी, पंख पसरून ओरडणारी टिटवी. सुनावणी घेणारे साहेब वाकून बघायला लागले. तेवढ्यात बिल्डरचा माणूस उठला.

"साहेब, याच काकांनी आमच्या लॉबीच्या चित्रात खडवलीच्या माळावर फ्लेमिंगो दाखवलेत. बघितलाय कुणी तिथे फ्लेमिंगो? मग हेही तसलंच, मनातलं!"

हॉल हसला. आमचेही काही हसले, मेले.

काका हसले नाहीत. "ते फ्लेमिंगो खोटेच आहेत. पैसे घेतले, सांगाल तसं काढलं. तुमची हिरवळ खोटी, कारंजंही खोटं. हे मात्र मी समोर बसून काढलंय. चला साहेब, अंडी दाखवतो."

साहेबांनी जागेची पाहणी लावली. तोवर माळावरचं काम बंद.

बाहेर सगळे काकांचे हात हातात घेत होते. मी विचारलं, "त्यांच्या रांगेत का बसलेलात?"

"पंखा तिथेच होता गं."

असेलही. पण पाहणीआधी एका रात्रीत डंपरने माती टाकून अंडी गाडता येतात, तशी माणसंही फिरवता येतात. मी माळावर पाळ्या लावल्या. दोघांनी डंपरवर लक्ष ठेवायचं, एकाने काकांवर. पहिली पाळी माझीच. सकाळी काका स्टूल टाकून बसलेले. काय काढतायत ते बघायला मी त्यांच्या पाठीमागे गेले.

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? पायाखाली बघ."

चपलेपासून वीतभर अंतरावर, खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी होती. डोक्यावर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालत होती.

मी पाय मागे घेतला. चार पावलं बाजूला सरकले आणि तिथूनच त्यांच्या कागदावर नजर ठेवली.