निम्म्या वाट्याचा कोंबडा

लहानपणी शहाद्याला आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसायचा. उत्तरेला नुसती निळी रेघ. त्या रेघेत एकदा पायी शिरायचं, हे माझं पन्नाशीपर्यंत राहून गेलेलं काम. त्यामुळे चर्चच्या सेवाफेरीचा शेवट जंगलातून चालत करायचा, असं पाळकांनी जाहीर केलं, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरेनात.

मी नंदुरबारला नर्स आहे. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आमचा तीन दिवसांचा मुक्काम होता. दिवसा आरोग्य तपासणी, संध्याकाळी भजनं आणि रविवारी उपासना करून परत. पहिल्याच दिवशी एक आजी तपासायला आल्या. अंगानं काटकुळ्या, अनवाणी. त्यांचं बीपी पाहिलं आणि मला आधी यंत्राचाच संशय आला. पुन्हा मोजलं, तरी तेवढंच जास्त. डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, मी त्या आजींच्या हातात ठेवल्या.

"रोज सकाळी एक. चुकवायची नाही."

"संपल्या मग?" आजींनी विचारलं. त्यांच्या घरी भिली बोलतात, मराठी शाळेपुरती.

"आम्ही येऊ ना पुन्हा," मी म्हणाले. असं म्हणायची आम्हाला सवयच आहे. निघताना प्रत्येक पाड्यावर आम्ही हेच म्हणतो.

"मागचे पण बोलले, येऊ."

रागानं नाही, अगदी सहज बोलल्या. मला मात्र मिरची झोंबली. मी मुळात तापट, त्यात कोणी खरं बोललं की जास्तच. पुढचे दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण बीपीच्या गोळ्या महिनाभर घेऊन थांबवण्यात काही अर्थ नसतो, हे माझ्याइतकं तिथं कोणाला माहीत होतं?

रविवारी उपासनेनंतर दानार्पण झालं. ज्यांच्याकडे रोख नसते ते घरातलं काहीतरी देवापुढे ठेवतात. कोणी तुरी, कोणी भोपळा, कोणी दोन अंडी. मग त्याच वस्तूंचा तिथंच लिलाव होतो. त्या दिवशी टोपलीखाली एक कोंबडा होता. तांबडा, तुरेबाज, नजर अशी की जणू उपासना त्यानंच घेतली. मी बोली लावली. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी ती वाढवली. मी अजून वाढवली, तिकडूनही वाढली. आवाज ओळखीचा होता. आमचे हेच! मंडळी खो खो हसायला लागली, पण लिलावात कोण कोणाचं? मी हरले नाही.

"मन्हासंगेच लिलाव खेळनी का वं?" बाहेर आल्यावर हे म्हणाले. "आते धर त्याले आन चाल डोंगर."

धरलाच. त्याचे पाय माझ्या हिरव्या ओढणीची किनार फाडून बांधले, त्याला काखेत घेतलं आणि निघाले. आमची जीप डोंगराच्या पलीकडे रस्त्यावर थांबणार होती. वाट दाखवायला कोण आलं? त्याच आजी. कोंबड्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालू लागल्या.

काय सांगू ते जंगल! फेब्रुवारी सुरू झालेला. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. एखादाच पळस फुललेला, पण असा की सगळे त्याच्याखाली उभं राहून फोटो काढत बसले. आमची गाणाऱ्यांची टोळी तर थांबायचं नाव घेईना. डफ, टाळ्या, एकामागून एक गाणी. शेवटी आजींनी एका मोहाच्या खोडावरचे उभे ओरखडे बोटानं दाखवले.

"अस्वल."

तीन दिवसांत पहिल्यांदा आमची मंडळी गप्प झाली.

मला भीती वाटायला हवी होती, पण आनंदानं छाती भरून आली होती. गच्चीवरून पाहिलेल्या रेघेत मी उभी होते आणि तिथं अस्वलाची नखं होती!

अर्ध्या चढावर पाणी प्यायला थांबलो. कोंबड्याचे पाय मला सुजल्यासारखे वाटले. नर्सच ती, राहवलं नाही. मी गाठ सैल केली. त्याच क्षणी खालच्या दरीतून रानकोंबडा आरवला. आमच्या राजेश्रींनी मान ताठ केली, उत्तर दिलं आणि माझ्या तोंडावर पंख मारून उडाले.

"धरा! धरा!"

मी सगळ्यात पुढे धावले. पानांवरून घसरले, बसत बसत दहा फूट खाली गेले. एक चप्पल कुठं गेली देव जाणे. डफवाला एका बाजूनं, पाळक दुसऱ्या बाजूनं पांढरा शर्ट सांभाळत. कोंबडा करवंदीच्या जाळीवर बसून आमची मजा पाहत होता.

"पळू नको, बाई. बस," आजी म्हणाल्या.

त्यांनी जीभ टाळूला लावून बारीक टकटक आवाज काढला. दोनदा, तीनदा. कोंबडा जाळीवरून उतरला, पानं तुडवत सरळ त्यांच्या पायाशी आला. त्यांनी वाकून त्याला उचललं आणि पिसांवरून हात फिरवला. रोज संध्याकाळी फिरवत असणार तसा.

मी मातीतच बसून राहिले. "आजी, हा तुमचा?"

"माझा होता. देवाला दिला."

"का दिलात? दुसरा आहे घरी?"

"नाही. चार कोंबड्या आहेत. तू गोळ्या दिल्या ना." कोंबड्याचे पंख नीट करत म्हणाल्या, "मी फुकट घेत नाही."

मला इतकी लाज वाटली. बाईनं महिन्याच्या गोळ्यांसाठी घरातला एकुलता एक कोंबडा दिला होता आणि मी नवऱ्यावर कुरघोडी करायला तो घेतला होता!

"ठेवा आजी, घरी न्या," मी म्हणाले.

त्यांनी डोळे असे वटारले की मी दचकले. "दिलेलं परत घेऊ? मी भिकारी?"

त्यांनी कोंबडा माझ्याकडे ढकलला, मी परत त्यांच्याकडे. सगळे कडेनं उभे राहून पाहत होते. त्यांचं बीपी वाढेल म्हणून माझाच जीव वरखाली व्हायला लागला. आणि मग मला सुचलं. आमच्याकडे शेळी-कोंबडी निम्म्या वाट्यानं पाळायला देतात. जनावर एकाचं, पाळणूक दुसऱ्याची, पिल्लं निम्मी निम्मी.

"बरं, कोंबडा माझा. पण नंदुरबारला माझ्या घरात जागा नाही. तुम्ही निम्म्या वाट्यानं पाळा."

"कोंबडा अंडी देतो?"

"तुमच्या चार कोंबड्या देतील ना. पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी. मी महिन्यानं बघायला येईन. येताना गोळ्या आणीन."

आजींनी कोंबडा माझ्या हातून घेतला. मग ओढणीची हिरवी किनार त्याच्या एका पायाला नुसती खुणेपुरती बांधली.

"महिना," त्या म्हणाल्या. "नाही आली तर कापून खाईन."

घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली. ड्युटी बदलून घेतली. तर नेमकी होळी आली. काठी गावच्या होळीला निघालेल्यांनी जीपा खच्चून भरलेल्या, ढोल टपावर, माणसं मागे लोंबकळत. पहिले दोन दिवस आम्हाला जागाच मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मिळाली, तीही अर्धी. महिन्यावर दोन दिवस झाले होते. यांना मी वाटेत चार वेळा विचारलं, खरंच कापला असेल का हो? हे नुसते हसत होते.

रस्त्यावर उतरलो आणि त्याच वाटेनं उलटे चढायला लागलो. मोहाची फुलं पडायला लागली होती, वास नाकात भरत होता. मला कशातच लक्ष लागेना. पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं, कान पाड्याकडे. खिंडीत पोचलो तर सगळं सामसूम. मी मटकन दगडावर बसले.

तेवढ्यात खालून, पाड्याकडून बांग आली. लांबलचक, अगदी गर्विष्ठ.

"जित्ता शे वं!" हे माझ्याआधी ओरडले. "जित्ता शे!"

मी उठले आणि धावत सुटले. आजी दारातच उभ्या होत्या.

"दोन दिवस उशीर," त्या म्हणाल्या. "सुरी घासून ठेवली होती."

आणि बीपी मोजायला त्यांनी हात पुढे केला.