खाडीकडची बाजू

सोपाऱ्याला कधीकाळी गलबतं लागायची, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही नालासोपाऱ्याच्या पूर्वेला राहतो. तिथे पाणी म्हणजे नळाचं, नाहीतर टँकरचं. बाबा रिक्षा चालवतात, आई पोळीभाजी केंद्रात कामाला जाते आणि घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात ऐकलेलं घरी सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. उगाच शहाणपणा दाखवतेय असं वाटतं. तरी बंदराचं मी सांगितलं. बाबांनी जेवता जेवता विचारलं, मग ते पाणी गेलं कुठे?

सरांना विचारायचा धीर झाला नाही, म्हणून शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. ती गासची, जुन्या ख्रिस्ती वाडीवाल्यांपैकी. तिच्या घरामागे केळी आहेत, भाजीचे वाफे आहेत आणि बावखल आहे, म्हणजे वाडी शिंपायचं गोड्या पाण्याचं तळं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "पाणी कुठे जाणार? आमच्या मागे आहे. तुम्हा लोकांना स्टेशनच्या पुढचं काही दिसत नाही."

तेव्हापासून आम्ही दोघी सायकलवरून ते पाणी शोधत फिरू लागलो. बहुतेक रविवारी, तिची चर्चमधली मिस्सा झाल्यावर. तिची सायकल तिच्या मापाची होती. माझी भावाची होती आणि उतरताना मला दर वेळी एका बाजूला कलंडावं लागायचं. पाणी सापडायचं ते आधी नाल्याच्या रूपात, इमारतींच्या पाठीमागे, थर्माकोल आणि पिशव्या घेऊन. रस्त्याखाली ते गडप झालं की आम्ही उतरून पलीकडच्या बाजूला ते कुठे निघतं ते पाहायचो. एकदा ब्रशने दात घासत उभ्या असलेल्या एका काकांना वाटलं, आम्ही महापालिकेकडून आलोय. त्यांनी डासांबद्दल बरंच सुनावलं. मैत्रिणीने गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि वर सांगते म्हणाली.

गासच्या अलीकडे पाण्याला जागा मिळते. कडेला तिवरं दिसू लागतात, चिखलात बगळे उभे असतात आणि वाऱ्याला खारट वास येतो. नाल्याची खाडी नेमकी कुठे होते ते आम्हाला कधी ठरवता आलं नाही. सायकल हातात धरून आम्ही त्यावर पुष्कळदा वाद घातला.

अश्विनातली पुनव जवळ आली होती. मधल्याच वारी कॉलेजला सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही सकाळी लवकर निघालो. थेट खाडीच्या मुखापर्यंत जायचं ठरलं होतं. गासच्या पुढे भातशेतीचा बांध लागला. एका बाजूला खाडी, ओहोटीमुळे नुसता काळा चिखल, आणि दुसऱ्या बाजूला भात, ओंब्या भरत आलेल्या. बांधावर सायकल चालवता येत नव्हती, म्हणून ढकलत निघालो. पुढे काळ्या दगडांनी बांधलेली एक उघाडी होती. बांधातल्या अशा वाटेने पावसाचं जादा पाणी खाडीत सोडतात, आणि दगडांतल्या खाचांत लाकडी फळ्या सरकवून खाडीचं खारं पाणी शेतात शिरू देत नाहीत. मैत्रीण म्हणाली, ही पोर्तुगीजांच्या काळातली. तिच्या मते जुनं दिसणारं सगळंच पोर्तुगीजांच्या काळातलं असतं.

उघाडीवर एक बाई बसल्या होत्या. कासोटा मारलेला, डोक्याला फडकं, बाजूला पेंढ्याचा भारा. वाट उघडी होती आणि फळ्या बांधावर आडव्या पडल्या होत्या. आम्ही जवळ गेलो तशी त्यांनी आमच्या सायकलींकडे पाहिलं.

"सायकल फिरवायला आमचाच बांध गावला का?"

मैत्रिणीने आपण गासची, कुणाच्या वाडीतली, ते सांगितलं. तेवढ्याने त्या जरा निवळल्या. मग बोलता बोलता सगळं कळलं. फळ्या दिराने काढल्या होत्या, शेवटच्या मोठ्या पावसात शेतात पाणी तुंबलं तेव्हा. रविवारी येऊन लावतो म्हणाला होता, पण उधाण आजचंच होतं. दुपारी खाडी भरणार आणि खारं पाणी या वाटेने थेट भातात जाणार. आजूबाजूच्यांनी शेती सोडून दिलेली, त्यामुळे हाक मारायला कुणी नाही. दीर कंपनीत, तिथे फोन गेटवर जमा करतात आणि जेवणाच्या सुट्टीत परत देतात. सकाळी त्याने घाईघाईत एवढंच सांगितलं होतं की फळ्या सरकव आणि फटीत पेंढा-चिखल भर.

"आजवर हे काम त्यांचं होतं," मावशी म्हणाल्या. नवरा माघ महिन्यात गेला होता. हे त्यांच्या पाठीमागचं पहिलं भात. "लावनी माझी, कापनी माझी. पन बांधाचं काम बाप्यांचं. मी कधी इथं उभीसुद्धा राहिली नाय."

त्यांनी आम्हाला मदत करा असं म्हटलं नाही. मी नुसती उभी होते. असल्या वेळी मला आधी वाटतं की आपल्या हातून काहीतरी बिघडेल. मैत्रिणीने तोवर चपला काढल्याही होत्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इतिहास बघ, मी चिखल बघते." मग मीही काढल्या.

फळ्या पाणी पिऊन जड झालेल्या. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला आम्ही दोघी, अशा एकेक करून त्या खाचांत उतरवल्या. खालची नीट बसली. वरच्या थोड्या वाकलेल्या होत्या आणि मधे बोट जाईल अशा फटी राहिल्या. शेताच्या बाजूला उघाडीला लागून दगडाची एक पायरी होती. तिथे कोरडं उभं राहता येत होतं, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. शेताच्या कडेचा तांबूस चिखल घ्यायचा, पेंढ्यात मळायचा आणि फटीत दाबायचा. हात चालू लागले तसं मला बरं वाटायला लागलं. मावशी मला म्हणाल्या, पोळ्या लाटायला येत असतील तुला. मी म्हटलं, आईच्या पसंतीच्या येत नाहीत.

खाडीचं पाणी केव्हा वळलं ते कळलं नाही. बगळे उडाले, चिखलातल्या चिरा भरल्या आणि पाणी फळ्यांना येऊन टेकलं. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग खालच्या फटीतला एक गोळा आपसूक बाहेर आला, माझ्या पायाशी पडला आणि त्याच्यामागून पाण्याची बारीक धार लागली. मी तो परत दाबला. शेजारचा निघाला. मैत्रिणीने तळहाताने दाबून धरला तर त्याच्यावरचा निघाला. आम्ही दाबत होतो आणि खाडी मागून ढकलत होती.

मावशींनी हात थांबवले. आता त्या रडतील असं मला वाटलं. पण त्या आपल्या हातांवरच्या चिखलाकडे पाहत होत्या.

"हा नाय," त्या म्हणाल्या. "त्यांचे कपडे मी धुवायची ना. उघाडीवरून आले की काला चिखल असायचा, छातीपत्तुर. वास जायचा नाय. दोनदा साबन लावायला लागायचा." मग त्यांनी खाडीकडे मान वळवली. "ते त्या बाजूला उतरायचे."

मला ते लगेच पटलं, कारण पाण्याचा जोर त्याच बाजूने येत होता. तिकडून भरलं तर पाणीच गोळे आत दाबून धरणार. पण खाडीत उतरायला पायरी नव्हती आणि पाणी वाढत होतं. मी पोहायला शिकलेली नाही, तसं मी सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, मला तरी कुठं येतं. बांधावरच्या खुंटाला त्यांनी भाऱ्याची दोरी बांधली, दुसरं टोक कमरेला गुंडाळलं आणि तिवराची मुळं धरत खाली उतरल्या. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं. मैत्रीण बांधावर पालथी पडून वरून पेंढा द्यायला लागली. मी दोरी धरून बसले. खुंट पक्का होता, माझ्या धरण्याची गरज नव्हती, पण मी सोडली नाही.

मावशी वाकून काळा चिखल उपसायच्या, पेंढ्यात गुंडाळायच्या आणि चाचपडत फटीत घालायच्या. खालच्या फटी पाण्याखाली गेल्या होत्या, त्या पायाने शोधून पायानेच बुजवल्या. धार कमी होत गेली. पाणी छातीशी आलं तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना वर ओढून घेतलं. साडी ओळखू येत नव्हती. मैत्रीण म्हणाली, मावशी, आता साबण आम्ही लावायचा का? त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही तिघी बांधावर बसलो. मैत्रिणीच्या डब्यातल्या पावाचे तीन वाटे केले. खाडी भरली की इतकी रुंद दिसते, हे मी तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. मिनिटभर मला वाटलं, इथून गलबत जाताना दिसेलही. पण नजर पुन्हा फळ्यांकडेच जात होती. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मावशी शेताच्या बाजूला उतरल्या. फळ्यांपाशी बोट बुडवून त्यांनी ते जिभेला लावलं आणि थुंकल्या. थोडं आत जाऊन पुन्हा चाखलं. मग आणखी आत, भाताच्या ओळींत वाकून. तिथून त्यांनी मला हाक मारली आणि चाखून बघ म्हणाल्या. मी चाखलं. मातीची चव लागली, मिठाची नाही. पण मला खात्री नव्हती आणि तसं मी म्हटलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "उघाडीजवलचं तेवढं जाईल. बाकीचं ऱ्हायलं."

एवढ्यात बांधावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. दिराची जेवणाची सुट्टी झाली होती. हात चिखलाचे म्हणून मैत्रिणीने फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज घाईत होता. फळ्या लागल्या का, पाणी किती आत आलं, कोणाला बोलावलं, असं तो विचारत असावा.

"कोनाला नाय. म्या लावल्या," मावशी म्हणाल्या. "खाडीच्या अंगानं उतरून."

मग रविवारी फळ्या बघायला येऊ का, असं काहीतरी त्याने विचारलं. मावशींनी फळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"ये ना रविवारी," त्या म्हणाल्या. "पन जेवायला ये."