डोळे मिटून नेलेला परण्या

आधी चहा संपवा बघू, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. माझी फजितीच तशी आहे!

गाण्यात एम.ए. करून मी साताऱ्यात घरी बसले होते. काकी रोज विचारायची, "गाणं शिकलीस, आता पुढं काय?" शेवटी कॉलेजच्या सरांनी मला कराडला, लग्नसमारंभांची कामं घेणाऱ्या एका मॅडमकडे धाडलं.

मॅडम म्हणाल्या, "गाणारी लय मिळत्यात गं, माणसं सांभाळणारी न्हाई मिळत. एक परण्या देवळापासनं कार्यालयात नीट पोचव. नोकरी पक्की!"

परण्या म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक. एवढंच ना? माझ्या अंगात पुढारीच संचारला! बँडच्या दत्तूमास्तरांना बजावलं, "पुढे मी चालणार, गाणारही मीच. मधे कुणी टोकायचं नाही."

"व्हय ताई. तुमी जाल तिकडं आमी."

निघालो. पुढे मी, सगळ्यात मागे घोड्यावर नवरदेव. आणि काय सांगू, सूर असा लागला! आता आम्हा शास्त्रीय गाणाऱ्यांची खोड तुम्हाला ठाऊक आहे, सूर लागला की डोळे मिटतात. बैठकीत ठीक आहे हो, मी भर रस्त्यात होते!

डोळे किलकिले केले, तर समोर फुलांची कमान. आलं की कार्यालय! वळले आत. मागून बँड, नाचणारी पोरं, अख्खं वऱ्हाड. तिथल्या बायकांनी गुलाबपाणीसुद्धा शिंपडलं.

एक फेटेवाले गृहस्थ पुढे आले. "आमचा नवरदेव कवाचा आत बसलाय. तुमचा कुठाय?"

वळून बघते तर नवरदेव नाही, घोडाही नाही! आणि मुहूर्त तोंडावर!

"मास्तर, सांगायचं नाही का हो?"

"आवं, तुमीच म्हणालासा, टोकायचं न्हाई!"

सगळे उलटे पळत सुटलो. आमचं कार्यालय शेजारचंच, मागे राहिलेलं. दारात घोडा शांत उभा आणि वर घामाघूम नवरदेव.

"टाचा मारून दमलो, पर ह्यो दार सोडंना!"

सोडेल कसा? सगळा सीझन तो त्याच दारात येत होता.

अक्षता कशाबशा वेळेत पडल्या. मी रडकुंडीला येऊन मॅडमपुढे उभी राहिले. गेली नोकरी!

"रडतीस कशाला? एवढी माणसं एक शब्द न विचारता तुझ्या मागनं गेली. पुढाऱ्याला अजून काय लागतंय? नोकरी पक्की!"

तेव्हापासून कराडात मीच परण्या नेते. मॅडमनी क्रम तेवढा बदललाय.

सगळ्यात पुढे घोडा. त्याच्या मागे मी!