किळस मोजायचा प्रकल्प

ऑगस्टमधला दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन. जागा: हळर्णचं आमचं घर, पुढचा सोपा. हजर: मी, माझ्या गटातल्या दोन मुली, आतल्या खोलीत सासूबाई. शिवाय परसात बेणणी करणारी, तण उपटणारी आमची कामाची बाई. त्या दिवशीच्या वहीत मी चारच माणसं लिहिली होती. पाचवी आता घालते आहे.

मी पंचेचाळिसाव्या वर्षी पदवीला नाव घातलं. मुलगी नोकरीला लागून बाहेर गेली आणि बारावीनंतर सुटलेलं विज्ञान मला पुरं करायचं होतं. आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या जोडीला मानसशास्त्र घेता येतं. सकाळी आतड्याची आकृती काढायची, दुपारी सवय कशी लागते ते वाचायचं. जीवशास्त्राला हिरवी फाईल, मानसशास्त्राला निळी. वर्गातल्या मुली मला आंटी म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या नोट्सचे फोटो काढून नेतात.

दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून प्रकल्प दिला होता: लोकांना कशाची किळस वाटते आणि तिथे खरोखर जंतू किती असतात. यादी करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. भांडी पुसायचं फडकं, मोरीची जाळी, मासे कापायची विळी, देवाचा तांब्या, चपलेचा तळ, आणि बाहेरचा कप. हा शेवटचा आमच्या वाड्यावर बहुतेक घरी असतो. कामाला येणाऱ्या माणसांचा चहा त्यात होतो. आमचा मागच्या दाराच्या कोनाड्यात असायचा, पांढरा, कान मोडलेला. आमच्या बाईने चहा घ्यायचा, कप राखेने घासायचा, परत तिथेच पालथा घालायचा. मी लग्न होऊन आले तेव्हाही असंच होतं.

वाड्यावरच्या बायकांना आम्ही विचारलं, यातल्या कशाला हात लावायला सगळ्यात नको वाटेल? चपलेचा तळ पहिला आला. बाहेरचा कप दुसरा. मग मी प्रत्येक वस्तूवर कापसाची काडी फिरवली आणि कॉलेजात जंतू वाढवायच्या ताटल्यांवर ओढली. दोन दिवसांनी झाकणं उघडली. माझ्या फडक्याची ताटली पिवळी, बुळबुळीत झाली होती, कुजलेल्या सुंगटासारखा, कोलंबीसारखा वास येत होता. त्याच फडक्याने मी रोज जेवणाची ताटं पुसते. मला कोरडी उलटी आली. कपाची ताटली मात्र जवळजवळ कोरी. मुली खूश झाल्या. मीही झाले. असा निकाल सादर करायला फार छान दिसतो.

तर त्या शनिवारी आम्ही सोप्यावर तक्ता करत होतो. फोटो चिकटवून झाले होते, खाली मराठीत नावं घातली होती. चहा मागायला बाई पुढे आली. ती दोडामार्गकडची, दहावी शिकलेली. नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतो, खोली धारगळला, हमरस्त्याच्या कडेला. सहा वर्षं आमच्याकडे येत होती. पदराला हात पुसत ती तक्त्यावर वाकली आणि मोठ्याने वाचलं.

"बाहेरचो कप. किळस, दुसरो नंबर." मग माझ्याकडे बघून, "वयनी, हो माजो कप मा?"

"हो गं. पण बघ, सगळ्यात स्वच्छ तोच निघाला."

"स्वच्छ निगालो? म्हणजे घाण आसतलो असा तुमका वाटला होता."

"तसं नव्हे. लोकांना वाटतं, ते चूक आहे हेच तर आम्ही दाखवतो आहोत."

"माका इचारल्यात? माजा तोंड लागता त्या कपाक."

तिने बोटाने एकेक फोटो मोजला.

"आणि तुमचे कप खंय आसत हेच्यात? काकींचो? दादांचो? तुमचो?"

गटातली एक मुलगी हळूच म्हणाली, "आंटी, बरोबर बोलते ती. तुलनेला आपल्या घरचा एक तरी कप हवा होता."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "सून कॉलेजात गेली आणि मोलकरणीकडसून शिकूक लागली!"

"शिकांदेत काकी," बाई म्हणाली. "उशिरान शिकतत, पण शिकतत." मुली हसल्या. ती हसली नाही. "माका चाय नको आज."

ती परसातून छत्री घेऊन गेली. बेणणी अर्धी राहिली. सोमवारी ती आली नाही.

सोमवारी आमचं सादरीकरण होतं. तक्त्यावरचा कप मी काढला नाही. तो काढला तर प्रकल्पात उरतं काय, असा हिशेब मी बसमध्ये केला होता. मानसशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "घरातल्या माणसांचे कप तुलनेला का घेतले नाहीत?" मी ताठ उभी राहून म्हणाले, "ही आमच्या अभ्यासाची मर्यादा आहे, मॅडम. तक्ता करताना आमच्या लक्षात आली." आमच्या! वर्गाने टाळ्या वाजवल्या. गटातल्या दोघी खाली बघत होत्या. फडक्याच्या ताटलीपेक्षा वाईट काहीतरी त्या वेळी माझ्या तोंडात होतं आणि ते मी गिळलं.

त्या आठवड्यात मी घरचे कप तपासले. माझा आणि नवऱ्याचा. सासूबाई म्हणाल्या, "माज्या कपाक काडी लावशी तर बघ." नवऱ्याचा बरा निघाला. माझ्या कपाच्या ताटलीवर पांढरट ठिपक्यांचं कडं आलं. कोनाड्यातला कप मी आत आणून आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. सासूबाईंनी तो बाहेर ठेवला. मी परत आत आणला. असं तीनदा झालं, आणि चौथ्यांदा तो बाहेर गेला तेव्हा मी कॉलेजच्या गडबडीत होते. खोटं कशाला, गडबड एवढी नव्हती.

मग माझ्या कपाच्या ताटलीचा फोटो घेऊन मी धारगळला गेले. एकच खोली, दारात गाड्यांचा आवाज, आत लखलखीत भांडी. मी सगळं सांगितलं, वर्गात काय बोलले तेसुद्धा. ती फोटो बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "तुमचो पण कायच चांगलो नाय."

मग तिने स्टोव्ह पेटवला. स्टीलच्या गलासात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला, सोबत एक उंडा, गोल कडक पाव. आणि तो चहा मला नकोसा झाला. कारण शोधायला गेले तर काही नव्हतं. गलास चकचकीत होता, चहा डोळ्यांदेखत उकळलेला. तिचे हात किती स्वच्छ असतात हे माझ्याइतकं वाड्यावर कुणाला माहीत नाही. किळस लहानपणीच अंगात शिरते, माहिती दिली म्हणून ती निघत नाही, असं मीच निळ्या फाईलमध्ये लाल शाईने अधोरेखित केलं आहे. माझा हात गलासापर्यंत गेला आणि मी त्याला उंड्याकडे वळवलं. उंडा पोदेराच्या भट्टीतला होता, तो चालला.

"आत्ताच घेऊन निघाले गं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग गलास उचलला आणि माझ्यासमोर सावकाश पिऊन संपवला.

"कामाक येवचा काय नाय, ता मी मगे सांगतंय," ती म्हणाली. "तुमी एकदा चाय पिऊक येवा."

गेल्या तीन शनिवारांच्या यादीत बेणणीला माणूस बघणं, फडकी उकळणं, हिरव्या फाईलची अनुक्रमणिका, सासूबाईंच्या गोळ्या आणि धारगळचा चहा अशी कामं होती. बाकीची सगळी झाली.